कार्ड मी निवडलं

म्हाळसाबाई आळंदच्या फोटो स्टुडिओत शिरली तेव्हा मल्लेश्वरी कॉम्प्युटरच्या आडोशाला बसून पाच महिन्यांच्या लेकीला पाजत होती.

"माय, माझ्या भाग्यलक्ष्मीच्या लग्नाचे फोटू काढून दे. जावई म्हणायलाय, लगीनच झालं न्हाई. वकील फोटू मागायलाय."

"अल्बम कुठाय, मावशी?"

"तेच्याच घरी होता. जाळला म्हणं."

मल्लेश्वरीनं पदर सारखा केला. फोटो समोरच होते, सर्व्हरच्या तीन डिस्कांत. डिस्का धडधाकट होत्या, पण उघडत नव्हत्या.

गेल्या वर्षी सर्व्हर घेताना मालक हावगेप्पांनी तिलाच विचारलं होतं, रेड कार्डवालं बसवायचं का सॉफ्टवेअरवालं. रेड म्हणजे फोटो तीन डिस्कांत असे वाटून ठेवायचे की एक गेली तरी काही हरवत नाही. सॉफ्टवेअरचं रेड तिच्या हातचं होतं. मशीन जळलं तरी डिस्का दुसऱ्या मशीनला लावून फोटो निघाले असते. पण एखादी डिस्क बिघडली की ती सावरायला मल्लेश्वरीच लागली असती, आणि तिला तेव्हा पाचवा महिना होता. करजगीला माहेरी, बाळंतपणात, स्टुडिओचे फोन नको होते. कार्डाचं बरं, सगळी वाटणी ते आपणच सांभाळतं. लाल दिवा लागला की डिस्क बदलायची, कुणीही बदलेल. कार्डच जळलं तर अगदी तसलंच दुसरं लागतं, नाहीतर डिस्का उघडत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. "कार्डच दणकट, अण्णा," एवढंच ती बोलली.

लेक बारा दिवसांची असताना कार्ड जळलं. तसलं दुसरं ना गुलबर्ग्यात मिळालं, ना हैदराबादेत.

"विजेनं घात केला, मावशी," गल्ल्यावर बसलेले हावगेप्पा म्हणाले. "तेच्यात कोणाची चूक हाय?"

गप्प बसलं असतं तर भागलं असतं. लेक दूध पिता पिता झोपली होती, बोट तिच्या बांगडीत अडकवून.

"चूक माझी हाय, मावशी," मल्लेश्वरी म्हणाली, आणि सगळं सांगितलं. फोनचंसुद्धा.

म्हाळसाबाई म्हणाली, "तुला त्रास नको म्हणून माझ्या लेकीला कामून पणाला लावलीस गं?"

मल्लेश्वरीनं लेकीचं बोट बांगडीतून सोडवलं.

"तू बघितलीस का ते फोटू?" म्हाळसाबाईनं विचारलं.

"व्हय. अल्बमसाठी मीच निवडले. मंगळसूत्र बांधताना तो हसायला होता."

"मग तेच लिहून दे. काय बघितलीस अन् ते कसे गेले. वकिलाला दावते."

हावगेप्पा खुर्चीतून उठले. "मल्लेश्वरी, कोर्टात असा कागद गेला तर लग्नाचं काम घेऊन कोण यील माझ्याकडं? तुला तर मी ठेवूच शकणार न्हाई."

"कळतंय, अण्णा."

तिनं कागद ओढला, पण मांडीवर लेक होती. म्हाळसाबाईनं न विचारता लेकीला उचलून घेतलं. मल्लेश्वरीनं लग्नाची तारीख लिहिली, गाव लिहिलं, नवरदेवाचं नाव लिहिलं. पुढची ओळ 'कार्ड' या शब्दानं सुरू झाली. ती तिनं खोडली आणि 'मी'पासून लिहायला घेतली.

लेक जागी होऊन रडायला लागली. मल्लेश्वरीचा हात थांबला.

"लिही तू," म्हाळसाबाई लेकीला थोपटत म्हणाली. "रडू दे थोडं."