अकरा नंबरचा विलाप

बिरागोने इअरफोनचं एक बोंड कानात घालण्याऐवजी कानामागे अडकवलं, क्षणभर वाट पाहिली आणि मान हलवली.

"काही ऐकू येत नाही. बिघडलेला दिसतोय तुझा प्लेअर."

"आई, प्लेअर ठणठणीत आहे," दुकानदार सारपोंग म्हणाला. "तुम्ही ते फुलासारखं खोचलंय. आत घाला, आत."

शेजारी उभी असलेली डुफी इतक्या जोरात हसली, की पलीकडच्या चपलांच्या दुकानातली गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. डुफीचा आवाजच तसा, घोगरा, फाटका आणि कायम वरच्या पट्टीतला. डुफी हसली की कोंबड्या अंड्यांवरून उठतात, असं एफिडुआसेच्या बाजारात सगळे म्हणत, आणि डुफीलाही त्याचं काही वाटत नसे. हातातलं भाजलेलं केळं चावत, मधूनच शेंगदाणे तोंडात टाकत तिने मैत्रिणीच्या कानात ते बोंड स्वतः बसवून दिलं.

"हळू हस गं," बिरागो म्हणाली. "बाजार आहे हा."

"बाजारात नाही हसायचं तर कुठे हसू? मर्तिकात?"

"मर्तिकात तर तू तोंडच उघडू नकोस. एकदा उघडलंस तेवढं पुरे आहे."

"झालं सुरू," डुफी सारपोंगकडे बघत म्हणाली. "चार वर्षं ऐकतेय मी हे. तू आपला प्लेअर लाव रे बाबा."

चार वर्षांपूर्वी बिरागोची मुलगी फ्रेमा तापाने गेली होती, सव्विसाव्या वर्षी. तिच्या मर्तिकात बिरागो ऐन विलापात असताना ही डुफी मागून बोंबलली होती आणि सगळा विलाप नासला होता. त्यानंतर सहा महिने दोघींचं बोलणं बंद होतं. पुढे बोलणं सुरू झालं, शेजार पुन्हा पहिल्यासारखा झाला, पण बिरागोने ते कधी पोटात घातलं नाही. मिठाच्या भावावरून वाद झाला तरी शेवटी गाडी तिथेच येई.

सारपोंगने बटण दाबलं. एका पुरुषाचा शांत आवाज थेट बिरागोच्या डोक्यात बोलू लागला. आरंभी देवाने आकाश आणि पृथ्वी केली, ती त्यांच्याच बोलीत. बिरागोचे डोळे मोठे झाले.

"अगं, हा तर माझ्या कानातच येऊन बसला!"

ती एवढ्याने ओरडली, की आता सारपोंगही हसला. कानात बोंडं घातलेल्या माणसाला सगळं जग बहिरं वाटतं, हे त्याला रोजचंच होतं.

गेल्या वर्षापासून बिरागोच्या डोळ्यांपुढे बायबलातली अक्षरं मुंग्यांसारखी पळू लागली होती. सगळं शास्त्र आपल्या भाषेत वाचून दाखवणारं यंत्र बाजारात मिळतं, असं पाद्रीबाबांनी सांगितलं, तेव्हा तिने सुक्या मासळीच्या विक्रीतले पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली होती. ते यंत्र आता तिच्या तळहातावर होतं. निळं, साबणाच्या वडीएवढं. एवढ्याशा वडीत मोशेपासून पौलापर्यंत सगळे मावले याचंच तिला नवल वाटत होतं.

"नुसतं शास्त्रच नाही आई," सारपोंग म्हणाला. "प्रार्थनेची गाणी आहेत, नाचायची आहेत. आणि कोणाकडे मर्तिक असलं तर त्याचीही सोय आहे. एक साउंडवाला गेल्या महिन्यात इथलं बिऱ्हाड आवरून कुमासी शहरात गेला. आसपासच्या गावांत मर्तिकाला भोंगे त्याचेच असायचे. जाताना त्याची जुनी रेकॉर्डिंगं मी घेऊन ठेवली. अस्सल विलाप आहेत. आजकाल रडायला माणसं मिळतात कुठे?"

"कोणाला सांगतोस हे?" डुफी म्हणाली. "माशाला पोहायला शिकवतोस? तीस वर्षं ही रडल्याशिवाय या मुलखात माती द्यायला कोणी उठत नव्हतं."

सारपोंग या गावात नवा. त्याने आदराने बिरागोकडे पाहिलं. "मग सोडलंत का, आई?"

"घसा गेला," बिरागो म्हणाली.

घसा गेला नव्हता. फ्रेमाला माती दिली त्या संध्याकाळी तिने ठरवलं होतं, की हा आवाज आता पोरीबरोबर गेला, तो दुसऱ्या कोणासाठी काढायचा नाही. त्यानंतर किती घरची माणसं बोलवायला आली आणि दारातून परत गेली. आपल्या लेकीला आपण असा निरोप दिला, जसा आजवर कोणत्याही श्रीमंताच्या घरीसुद्धा दिला नव्हता, एवढ्या एका समाधानावर ती चार वर्षं झोपत होती. त्यातही डुफीने माती कालवली, ती गोष्ट वेगळी.

"लाव तरी एखादा," ती म्हणाली. शेवटी जातिवंत गवय्याला दुसऱ्याचं गाणं ऐकल्याशिवाय राहवत नाही.

"अकरा नंबर ऐका. सगळ्यांत जास्त तोच खपतो. पुढे एक बाई वेड्यासारखी ओरडते, तेवढं सोडा. बाकी गाणारी एक नंबर आहे."

आधी नुसती खरखर आली. खुर्च्या सरकवल्याचे आवाज, कोणाचं तरी मूल, दूरवर ढोल. मग बाईचा आवाज उठला. बिरागोने डोळे मिटले आणि मान डोलावली.

"तयार घसा आहे!" ती ओरडली. "श्वास कुठे घ्यायचा ते कळतं हिला. हुंदका शब्दावर येऊ देत नाही, दोन शब्दांच्या मध्ये घेते. डुफी, असं शिकवून येत नाही गं."

"घे मग विकत, आणि चल," डुफी केळं चावत म्हणाली.

"थांब. आता घराणं सांगते आहे. ओदासू नदीचं पाणी प्यालेली लेक, म्हणते. अगं, आपल्याच गावची दिसते कोणी!"

डुफीचं चावणं थांबलं. केळ्याचा घास तिच्या गालात तसाच राहिला.

बिरागोचे डोळे मिटलेलेच होते. कानातली बाई आता नावापाशी आली होती. विलापाचा जीव नावात असतो, असं बिरागोची आई सांगायची. घराणं सांगायचं, नदी सांगायची आणि मग तीनदा नावाने हाक मारायची. ती हाक ऐकून पूर्वज वेशीपर्यंत येतात आणि आपल्या माणसाला आत नेतात. नाव घेतलं नाही तर मेलेलं माणूस वेशीबाहेर उभं राहतं. कोण, कोणाचं, हे कळल्याशिवाय त्याला आत कोण घेणार?

कोनादू, असं ती बाई म्हणाली. कोनादू गं, माझी कोनादू.

बिरागो खदखदून हसली.

"अरे देवा! नदी एकीची आणि नाव भलतीचं! ओदासूकाठी कुठली आली कोनादू? कोनादू हे नाव तानो नदीकडच्या लोकांत ठेवतात. मेलेल्या माणसाचं नावसुद्धा धड घेता येत नाही, आणि पैसे मोजून घेत असेल! माझी आई असती तर हिची जीभ हासडली असती."

"काढ ते कानातलं," डुफी म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता. "ऊन चढलंय. मासळी उघडी टाकून आलोय आपण."

"झाकून आलोय. थांब जरा."

"बिरागो, काढ म्हणते ना!"

डुफीने हात पुढे केला. बिरागोने तो झटकला. तिला आता ती बाई दुसऱ्यांदा तीच चूक करते का, ते ऐकायचं होतं. दुसऱ्याच्या चुकीत माणसाला गोडी असतेच, आणि चार वर्षांनी तिला आपल्या कलेची अशी गोडी लागली होती. बाईने दुसऱ्यांदाही कोनादूच म्हटलं. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, तुझ्या वाटचं सूप चुलीवर आहे गं, मी अजून झाकण काढलेलं नाही.

बिरागोच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. ते काढायला तिला सुचलंच नाही.

ती ओळ कुठल्याही विलापात नव्हती. फ्रेमाला माती द्यायच्या दिवशी पहाटे चुलीपाशी बसून ती तिने मनात जुळवली होती. आदल्या रात्री कोणीतरी शेंगदाण्याचं सूप करून ठेवलं होतं, त्याचं झाकण उचलायला तिचा हात धजला नव्हता. ही ओळ तिने कोणाला सांगितली नव्हती. ती एकदाच म्हटली होती, फ्रेमाच्या उशाशी उभं राहून.

सारपोंगने लाकडी स्टूल पुढे सरकवलं, पण ती बसली नाही, बसायचं असतं हेही ती विसरली. कानात तिचाच आवाज चालू होता. आपलाच आवाज आपल्याला ओळखू येत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. तो कधी बाहेरून ऐकलाच नव्हता.

कोनादू. तिला आठवलं. फ्रेमाच्या आधीच्याच शनिवारी कोकोच्या मोठ्या व्यापाऱ्याच्या आईला माती दिली होती, तिचं नाव कोनादू. दोन दिवसांचं मर्तिक होतं, शंभर वेळा तरी ते नाव घेतलं असेल. घशाला सवय लागली असेल. दुःखाने डोकं बधिर झालं, तेव्हा घसा आपल्या वाटेने गेला आणि त्याने पोटच्या पोरीला परक्या बाईच्या नावाने निरोप दिला. आणि तिला मात्र चार वर्षं पक्कं आठवत होतं, की आपण फ्रेमा म्हणालो. तीनदा म्हणालो.

तीनशे माणसं होती त्या मांडवात. भाऊ होता, पाद्रीबाबा होते, चर्चच्या सगळ्या बायका होत्या. सगळ्यांनी ऐकलं होतं. एकानेही तोंड उघडलं नव्हतं.

तिने डुफीकडे पाहिलं. डुफी चपलांच्या दुकानाकडे तोंड करून उभी होती आणि जन्मात कधी चपला पाहिल्या नसाव्यात तशा त्या चपला पाहत होती.

कानात तिचा स्वतःचा आवाज तिसऱ्या हाकेसाठी वर चढू लागला. बिरागोने नकळत हात पुढे केला, चार वर्षांपूर्वीच्या त्या बाईचं तोंड धरता आलं तर बघावं तसा. को, एवढं ती म्हणाली असेल नसेल, आणि मागून एक भसाडा, फाटका आवाज त्याच्यावर कोसळला.

फ्रेमा! ए फ्रेमा! फ्रेमा गं!

ढोल थांबला. मांडवात कुजबूज झाली. त्या बेसूर किंकाळीत ना लय होती ना हुंदक्याची जागा. पण तिन्ही वेळा नाव स्वच्छ होतं, गल्लीच्या टोकावरून पोरीला जेवायला बोलवावं तसं. मग गाणारी बाई चिडून थांबली, खाकरली, आणि रेकॉर्डिंग संपलं.

बिरागोने बोंड कानातून काढलं. बाजाराचा गलका परत आला.

"डुफी."

"काय?" डुफी वळली नाही.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं होतं?"

"सहा महिने मी तुझं तोंड पाहिलं नाही. चार वर्षं चारचौघांत तुला बोलले. आज सकाळी बोलले. आत्ता बोलले!"

डुफीने गालातला घास एकदाचा गिळला.

"तुला कोणावर तरी चिडायचं होतंच," ती म्हणाली. "माझ्यावर चिडलीस ते बरं झालं. हे कळलं असतं तर तू स्वतःला खाल्लं असतंस. आणि माझ्या आवाजाला नावं ठेवणारी तू काय पहिली आहेस का?"

बिरागोला रडू आलं नाही. रडण्याचं आयुष्यभराचं काम केलेल्या बाईला त्या क्षणी रडायचं कसं असतं तेच आठवेना. ती नुसती डुफीच्या घशाकडे बघत राहिली. केळ्याचा एक काळपट तुकडा डुफीच्या ओठाला चिकटला होता. बिरागोने आपल्या कापडाच्या टोकाने तो पुसला.

दोन म्हाताऱ्यांत काय बिनसलं ते सारपोंगला कळलं नव्हतं, पण हातातलं गिऱ्हाईक चाललं एवढं त्याला दिसत होतं.

"काही बिघाड आहे का आई? त्या ओरडणाऱ्या बाईमुळे ना? सगळेच तक्रार करतात हो. माझा भाऊ कुमासीला कॉम्प्युटरवर हे काम करतो. तिचं ओरडणं तेवढं कापून देतो म्हणालाय. पुढच्या मंगळवारी या, साफ केलेला अकरा नंबर भरून देतो."

बिरागोने कमरेची गाठ सोडली, पैसे काढून फळीवर ठेवले आणि प्लेअर मुठीत घेतला. तिच्या कानात आता काहीच नव्हतं, तरी ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्याने ओरडली.

"गाणारीला काप हवं तर. ओरडणारीला हात लावायचा नाही!"