परत जाणारा पलंग

माझा नवरा हिशेबाला पक्का आहे आणि तेच त्याचं दुखणं आहे. सासूबाई मोरीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. सोडताना डॉक्टर म्हणाले, घरी डोक्याकडची बाजू वर-खाली होणारा पलंग लागेल. घरी पोहोचेपर्यंत याचं गणित तयार. भाड्याने आणला तर वर्षाच्या आत पलंगाच्या किमतीएवढे पैसे जातात, त्यापेक्षा विकतच घेऊ.

गणित बरोबर होतं. मला राग आला तो त्यातल्या वर्षाचा. व्यायाम केला तर दोन-तीन महिन्यांत चालतील, नाही केला तर कायमचं अंथरूण धरतील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि सासूबाईंनी तर हातपाय गाळलेले. व्यायाम शिकवणारी बाई आली की त्या भिंतीकडे तोंड करायच्या.

"वर्षभराचा पलंग आणतोयस," मी म्हणाले. "म्हणजे आई उठणार नाहीत, हे तू ठरवूनच टाकलंस."

तो चिडला असता तर बरं झालं असतं.  तो हळूहळू सांगू लागला. सासू-सासऱ्यांचा खुर्च्या, टेबलं, गाद्या भाड्याने द्यायचा धंदा होता, हे मला माहीत होतं. मोठी ऑर्डर आली की घरातल्या खुर्च्याही टेम्पोत चढायच्या, आणि एकदा तर हा तापाने फणफणलेला असताना याच्या अंगाखालची गादी गेली होती, हे नव्हतं माहीत. कमावता झालो की घरात भाड्याची एक काडीही आणायची नाही, असं त्याने तेव्हाच ठरवलं होतं. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पण मी पड खाल्ली नाही. पलंग भाड्यानेच आला.

जोडणी चालू असताना सासूबाई कितीतरी दिवसांनी आपणहून बोलल्या.

"भाड्याचा?"

"हो."

"परत कधी द्यायचाय?"

मी तोंडाला येईल ते बोलले. "तुम्ही चालायला लागाल तेव्हा."

त्या बराच वेळ पलंगाच्या कठड्याला हात लावून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "आणि पुढचं गिऱ्हाईक?"

त्यांच्या धंद्यात एकच पाप होतं, वस्तू उशिरा परत करणं. आपल्याकडे खुर्च्या अडकल्या की पुढच्याचं कार्य अडतं. सख्ख्या भावालाही त्यांनी यावरून दारात उभं करून सुनावलं होतं. ही गोष्ट घरात इतक्यांदा ऐकली होती, की मला तिचा कंटाळा होता. आता त्याच गोष्टीला मनातल्या मनात हात जोडले.

दुसऱ्या दिवशी व्यायामाची बाई आली तेव्हा भिंतीकडे तोंड झालं नाही. आठवडाभरात वॉकर धरून उभ्या राहिल्या. दुखायचं, डोळ्यांत पाणी यायचं, पण मध्येच "कोणीतरी खोळंबलं असेल" असं पुटपुटून पाऊल टाकायच्या. पाय चालू लागले तसं तोंडही. पलंगाचं चाक कुरकुरतंय, याला तेल कोण देतं? माझा भात गिचका झालाय, तो का? लग्न झाल्यापासून त्यांची बोलणी मी इतक्या आनंदाने कधी खाल्ली नव्हती.

तिसरा महिना संपायच्या आतच दुकानदाराला फोन केला. तो आला. खोलीत पुसून लख्ख केलेला रिकामा पलंग, वर घडी घातलेली चादर. त्याने आवाज खाली आणला.

"वहिनी, वाईट वाटलं. कधी झालं?"

"काही झालेलं नाही," स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या. काठी टेकत पुढे आल्या. "पेशंट मीच. तपासून घ्या, ओरखडा नाही."

त्याच्याकडचे पलंग बहुतेक वेळा कशामुळे परत येतात, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सासूबाईंनी विचारलं, आता कुठे जाणार? एका आजोबांकडे, तो म्हणाला, दोन दिवस वाट पाहतायत.

"मग निघा. आणि त्यांना सांगा, आधीच्या बाईने हा स्वतः पुसून दिलाय. उभं राहून."

नवऱ्याने पलंगाची एक बाजू धरली आणि जिना उतरून तो टेम्पोपर्यंत पोहोचवला. वर आला तेव्हा डोळे लाल होते. रिकाम्या कोपऱ्याकडे बघत उभा राहिला. मला म्हणाला, "तू ऐकलं नाहीस ते बरं केलंस."

सासूबाईही कोपराच बघत होत्या.

"इथे मला एक खुर्ची आण," त्या लेकाला म्हणाल्या. "हातांची, चांगली भक्कम. आणि भाड्याची नको. विकत घे. मला ती बरीच वर्षं लागणार आहे."

या वेळी त्याने हिशेब केला नाही. चपला घातल्या आणि निघाला.