पिस्टनच्या वाट्याची जागा

मित्रांनो, मी एक जुना कनेक्टिंग रॉड आहे. जुना म्हणजे वयाने दोनच वर्षांचा. पण भंगाराच्या डब्यात पडलेल्याला वय कोण विचारतो? इंजिनात वर पिस्टन आणि खाली क्रँक, या दोघांना जोडून ठेवायचं हे माझं काम. ते मी जेमतेम एकोणीस दिवस केलं.

मला बनवून घेतलं बोरीवलीच्या यज्ञेशने. शिकलेला इंजिनीअर, आणि भारी हौशी. वडिलांच्या गाडीला सुपरचार्जर बसवायचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरायची, आणि स्ट्रोकही वाढवायचा, म्हणजे पिस्टनची खाली-वर धाव लांबवायची, असं त्याने ठरवलं होतं. शिवाय रॉड लांब असला की पिस्टन सिलिंडरला कमी घासतो, हे त्याने कुठेतरी वाचलेलं. ते खोटं नाही. पण इंजिनाच्या ब्लॉकची, म्हणजे बाहेरच्या सांगाड्याची, उंची काही वाढत नाही. स्ट्रोक वाढला, मीही लांब झालो, तर जागा द्यायची कोणी? पिस्टननेच. मला त्याच्याशी जोडणाऱ्या पिनचं भोक वर सरकवून त्याला बुटकं केलं.

वाकोल्याच्या गॅरेजमधले सहदेवकाका तीस वर्षं इंजिनं बांधत होते. ते एकदाच म्हणाले, "यज्ञेश, हवा दाबून भरणार ना तू? मग पिस्टनला अंग लागतं. रॉड आखूड राहू दे." यज्ञेशने फोनवरची आकडेमोड दाखवली. काकांनी मग त्या आकड्यांप्रमाणेच इंजिन बांधलं. शिकलेल्या माणसाशी ते कधी वाद घालत नसत. आणि मी? मी खूश होतो. जो तो मला हातात घेऊन झकास म्हणत होता. शेजारच्या पिस्टनकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

एकोणिसाव्या दिवशी पुलाच्या चढावर पिस्टनची कड फुटली आणि गाडी निळा धूर सोडत थांबली. गॅरेजात इंजिन खोललं आणि मी भंगाराच्या डब्यात गेलो. यज्ञेशने गाडीवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं, की सहदेवकाकांचं फिटिंगच चुकलं. सुलक्षणाकाकूंनी ते गॅरेजात येऊन नवऱ्याला वाचून दाखवलं. महिन्याभरात इंजिनाची कामं येणं बंद झालं. आता ते फक्त ऑइल बदलून देतात. खरं कारण मला माहीत होतं, पण मला तोंड कुठे?

गेल्या आठवड्यात यज्ञेश उरलेलं सामान न्यायला आला. काकांनी फुटका पिस्टन त्याच्या हातावर ठेवला. पिनचं भोक पिस्टनभोवतीच्या रिंगच्या खाचेला भिडलं होतं. मध्ये धातू उरलाच नव्हता. यज्ञेशने तिथे बोट फिरवून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "काका, चूक माझी होती."

"मला ठाऊक आहे रे," काका म्हणाले. "ग्रुपवर सांग ना."

यज्ञेशने तिथेच उभं राहून लिहिलं. पण अजून एकही इंजिन आलेलं नाही.

मित्रांनो, तुमचं कौतुक चाललं असेल तेव्हा शेजारी कोणाचं अंग कमी झालंय, ते वेळेवर बघा. मी बघितलं नाही. म्हणून एक विनंती करतो. तुमच्या ओळखीत कोणाच्या गाडीचं इंजिन खोलायचं असेल, तर त्यांना वाकोल्याला पाठवा. काका अजूनही रोज सकाळी नट-बोल्टचे पाने पुसून मांडून ठेवतात.