सर्जाची सुई

आमच्या घरात शुगर होती ती फक्त बोक्याला. हे सांगितलं की लोक आधी हसायचे, मग खरंच का म्हणून विचारायचे, आणि मग आपल्या मामाच्या शुगरचं पुराण लावायचे. सुरुवातीला मला राग यायचा. पुढंपुढं तेवढाही जीव अंगात राहिला नाही.

बोक्याचं नाव सर्जा. सासूनं ठेवलेलं. शेतातला शेवटचा बैल विकला तेव्हा बाई जेवायची बंद झाली होती. मग कुठनं तरी हे पिल्लू उचलून आणलं आणि त्याला बैलाचं नाव दिलं. सासूचं नाव बायडाबाई, पण मी त्यांना आत्ती म्हणते. आमच्या गडहिंग्लजकडं सासूला तसंच म्हणतात. आत्तीला पोटचा पोरगा एकच, माझा नवरा उदयसिंह. पण लाड बघाल तर सगळे बोक्याचे. पोराला कधी "जेवलास का" म्हणून विचारलेलं मी ऐकलं नाही. बोका जेवला का, हे दिवसातून दहादा.

दिवाळी झाली आणि सर्जा पाण्यावर तुटून पडायला लागला. न्हाणीतल्या बादलीत तोंड घालून घटाघटा प्यायचा आणि जागोजागी ओलं करून ठेवायचा. खायचा दोघांचं आणि पाठीची हाडं मात्र वर आलेली. आत्तीनं त्याची दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या, आम्हा सगळ्यांना खोकवलं. शेवटी जनावरांच्या दवाखान्यात नेला. तिथला डॉक्टर गाईम्हशींचा, पण माणूस नेटका. रक्त तपासलं आणि म्हणाला, ह्याला शुगर आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचावं लागेल, आणि बाहेरचं खाणं बंद. आधी खाऊ घाला, मग सुई; उपाशीपोटी टोचली तर शुगर एकदम उतरून जिवावर बेतेल.

टोचणार कोण, हा प्रश्न उठला तेव्हा माझा नवरा छताकडं बघायला लागला. हा माणूस कागलच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो, लोखंडाची धुडं उचलतो, पण सुई बघितली की त्याला घाम फुटतो. आत्तीच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला. आणि मी ब्लाऊज शिवते. नवरा म्हणाला, तुला सुईची सवय हाय की. झालं. घरातलं सगळंच जसं माझ्यावर पडतं तसं हेही पडलं.

मेडिकलवाल्यानं पहिल्यांदा पेशंटचं नाव विचारलं. मी सांगितलं, सर्जा. वय? नऊ. तो हळहळला, एवढ्या लहान वयात म्हणून. मी मान हलवून पैसे मोजले. दमलेल्या माणसाला खुलासे करायचा कंटाळा असतो.

तेव्हापासून सकाळचा चहा आणि दिवेलागण ह्या दोन वेळा माझ्या राहिल्या नाहीत. फ्रीजच्या दारातली बाटली काढायची, तळहातावर हलकी फिरवायची, दोन युनिट भरायचे, मानेमागची कातडी चिमटीत धरायची आणि टोचायचं. बोका गुरगुरायचा. मग आत्ती म्हणायची, हळू टोच की ग, लेकरू हाय ते. लेकरू. माझ्या हातावर त्या लेकराच्या नखांच्या रेघा अजून आहेत. कुणाची हळद असो, बारसं असो, मी संध्याकाळी घरात. चुलत जावेच्या पोरीचं लग्न कबनूरला झालं तर अक्षता पडल्या की पंगतीला न बसता मी एसटी धरली.

ह्या सगळ्याचं मला एवढं काही वाटलं नसतं. पण माहेरी, गडहिंग्लजला, माझी आई अंथरुणाला खिळली.

आई माझ्या भावाकडं, जोतीरामकडं होती. तिच्या हृदयानंच हात टेकले होते, पायाला सूज, चार शब्द बोलली की धाप. डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं म्हणजे काय सांगितलं, ते आम्हाला कळत होतं. मी सकाळी सुई टोचून निघायचे, दोन तास एसटीत, आईजवळ जेमतेम दुपारभर, की परत बस. आई दरवेळी विचारायची, राहा की ग आज. आणि मी सांगायचे, आई, बोक्याची सुई आहे. मरणाला टेकलेल्या आईला असं सांगताना जीभ कशी उचलते, ते माझं मला माहीत. जोतीराम तोंडावर काही बोलायचा नाही, पण स्टँडवर सोडताना गाडी उगीचच जोरात हाणायचा. मला दुसरं काही नको होतं. आईचे राहिलेले दिवस आईजवळ काढायचे होते, बस.

गटारी झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी जोतीरामचा फोन आला. आईनं खाणं सोडलं होतं. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी नवऱ्याला समोर बसवलं, हातात वांगं दिलं आणि वांग्याला पाणी टोचायला लावलं. पहिली दोन वांगी त्यानं आरपार केली. तिसऱ्याला जमलं. आधी खायला टाकायचं, मग टोचायचं, हे त्याच्याकडून पाठ करून घेतलं आणि पिशवी उचलली. आत्ती दारात उभी होती. माझं सगळं ध्यान आईकडं होतं, आणि श्रावण लागलाय हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

आत्तीचा श्रावण म्हणजे श्रावण. गटारीला घरात तांबडा-पांढरा रस्सा, आणि दुसऱ्या दिवसापासून गणपती उठेपर्यंत अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. पूर्वी सर्जाला त्याचं काही नव्हतं. तो शेजारच्या बनाबाईच्यात जाऊन भरपेट खाऊन यायचा आणि आमच्या ओट्यावर मिशा पुसत बसायचा. पण आजारापासून त्याला घरातच कोंडलेला. त्याचं खाणं म्हणजे उकडलेली अंडी, सुकट, कोंबडीचे तुकडे. ते बंद झालं आणि आत्तीनं त्याच्यापुढं दूधभात ठेवला. बोक्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. आत्तीला वाटलं, भूक लागली की खाईल. नवऱ्याला वाटलं, आईनं टाकलंय म्हणजे खाल्लंच असणार. आणि तो माझ्या शिकवणीप्रमाणं वेळेवर दोन युनिट टोचत राहिला.

सोमवारी सकाळी जोतीरामच्या घरातला फोन वाजला. सोमवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून नवरा घरी होता. त्याचा आवाजच बदललेला. सर्जा आडवा पडलाय, पाय झाडतोय, डोळे फिरवलेत.

"खाल्लं काय त्यानं?" मी विचारलं.

"टाकलंतं की."

"काय टाकलंतं?"

लांबून आत्तीचा आवाज आला, "दूधभात. श्रावण हाय न्हवं."

मी कपाळावर हात मारला. चपातीच्या डब्यामागं काकवीची बाटली आहे, ती बोटावर घ्या आणि त्याच्या हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, असं मी ओरडून सांगितलं. नवऱ्यानं फोन तसाच सोडला. मला फक्त आत्तीचं ऐकू येत होतं. सर्जा, ए सर्जा, चल ऊठ, अशी ती हाका मारत होती, शेतात बसकण मारलेल्या बैलाला मारावी तशी. तिचा आवाज फाटला होता. मला ती बाई आजपर्यंत कधी रडलेली माहीत नव्हती. बऱ्याच वेळानं नवरा फोनवर आला आणि म्हणाला, उठला, मान वर केली. मी तिथंच फरशीवर बसले. आज संध्याकाळी सुई देऊ नका, बनाबाईकडनं अंडी उकडून आणा आणि तिच्याच ओट्यावर त्याला चारा, असं सांगितलं.

"तू ये बाई," नवरा म्हणाला. "हे आपल्याच्यानं व्हायचं न्हाय."

सकाळच्या गाडीनं येते, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मला सगळ्यांचा राग आला. नवऱ्याचा, आत्तीचा, श्रावणाचा, त्या डॉक्टरचा. मेला असता तर सुटले असते, असंही मनात येऊन गेलं आणि मग त्याचंच वाईट वाटलं, कारण त्या मुक्या जिवानं काय केलं होतं? आई खाटेवरून सगळं ऐकत होती. तिनं विचारलं नाही, जाणार का म्हणून. नुसता माझा हात सोडला आणि आपला हात पांघरुणात घेतला. म्हणाली, जा बाई, तुझं घर हाय. मला वाटलं, आता हिची माझी भेट नाही.

मंगळवारी मी आईची वेणी घातली, पिशवी भरली आणि दाराशी ठेवली. जोतीराम गाडी काढायला गेला होता. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि आतनं आत्ती उतरली. एका हातात जुन्या लुगड्यानं बांधलेली वेताची बुट्टी, दुसऱ्या हातात पिशवी. बुट्टीतून गुरगुर ऐकू येत होती.

माझा तोल सुटला. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी आत्तीपुढं कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. म्हटलं, येतच होते की मी, पिशवी भरून ठेवलीय बघा, तेवढाही दम निघाला नाही? माझी आई आत मरायला टेकलीय आणि तुम्ही तिच्या दारात मला न्यायला आलाय? गल्लीतली माणसं बघायला लागली. बघू देत म्हटलं.

आत्तीनं बुट्टी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं. एका डोळ्यानं माझ्या पिशवीकडं बघितलं.

"न्यायला कोण आलंय?" ती म्हणाली. "तू यायला लागू नये म्हणून ह्यालाच आणलाय."

बुट्टीतनं पुन्हा गुरगुर आली.

"उदयला टोचाय जमत न्हाय, मला दिसत न्हाय, आणि तुझ्याबिगर हे जगत न्हाय," ती म्हणाली. "मग ह्यानं तुझ्याकडं यावं की. तू का म्हणून आईला सोडून पळायचं?"

मी दारातच रडले. पोरीसारखी, आवाज काढून. आत्ती काही समजूत घालत बसली नाही. तो तिचा स्वभावच नाही. रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरनं तिचं भांडण राहिलं होतं, ते तिनं पुरं केलं आणि आत आली.

पिशवीतनं तिनं चहाचा थर्मास काढला. आत बर्फ, बर्फात इन्सुलिनची बाटली. मग कागदात बांधलेली सुकट. श्रावणात, आत्तीच्या पिशवीत सुकट. माझ्या भावजयीकडनं एक मोडकं पातेलं मागून घेतलं, परसात तीन दगड मांडले आणि नाकाला पदर लावून स्वतःच्या हातानं ती भाजली. भावजय म्हणाली, मी देते की भाजून, तुमचा श्रावण मोडेल. आत्ती म्हणाली, श्रावण माझा हाय, बोक्याचा न्हाय, हे मला परवा कळायला पायजे होतं.

संध्याकाळी सर्जा पोटभर जेवला. आत्तीनं त्याला मांडीत दाबून धरला आणि मी आईच्या खाटेजवळच टोचलं. आई टक लावून बघत होती. धाप लागलेली असतानाही हसली आणि म्हणाली, "विहीणबाई, ह्येच व्हय ते? माझी लेक पळवणारं?"

आत्ती म्हणाली, व्हय, ह्येच. आणि मला म्हणाली, तू जाऊन पड जरा, तोंड बघ कसं झालंय, मी बसते इथं. इतक्या वर्षांत मला पड म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. मी पडले ती थेट उजाडल्यावर उठले. आत्ती आईच्या उशाशी तशीच बसलेली होती आणि दोघी कुठल्या तरी जुन्या दुष्काळाचं बोलत होत्या.

आई गणपती बसायच्या आधी गेली. सकाळ होती. तिचा हात माझ्या हातात होता, आणि मला कुठलीही गाडी गाठायची नव्हती.