दारात तारा उभी होती

ताराने आलेखाच्या कागदावर तळहात आपटला. सोंगट्या उडाल्या, फासा बैठकीच्या तखताखाली गेला.

"तो दारातून जाऊच शकत नाही. दारात मी उभी आहे."

"तुझा नंबर नाही आला," चिंतामणी म्हणाला. "राक्षसाचा फासा तुझ्यापेक्षा मोठा पडला. तो आधी चालेल."

रविवारची दुपार होती. कारखान्याच्या सेक्टरमधल्या ताराच्या क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत कूलर घरघरत होता. चिंतामणीने कॉलेजातून या खेळाचं इंग्रजी पुस्तक झेरॉक्स करून आणलं, तेव्हापासून तो, त्याची धाकटी बहीण तारा, तिची मैत्रीण प्रेमला आणि कोहक्याहून येणारा विष्णु असे चौघे इथे जमत. प्रत्येकाचं एक पात्र. गोष्ट चिंतामणी चालवायचा. राक्षस, चोर, पहारेकरी सगळे त्याचे. लढाई जुंपली की फासे टाकायचे. ज्याचा आकडा मोठा, तो आधी चालणार आणि मारणार. बाकीच्यांनी तोवर थांबायचं.

प्रेमलाचा हा शेवटचा रविवार होता. लग्न होऊन ती अमरावतीला जाणार होती. तिची वैदीण, मैना, भुयाराच्या आतल्या टोकाशी जखमी पडली होती आणि भुयाराच्या तोंडाशी, दारातच, ताराची भालेकरीण उभी होती.

"मी आधीच सांगितलं होतं का नाही? मी चालत नाही, थांबून आहे. जो दारात येईल त्याले भाला मारीन, नंबर कोणाचाही असो. हा नियम आपणच केला ना, दादा?"

"पुस्तकात नाही तो. आज पुस्तकाप्रमाणे खेळून राहिलो."

"आजच कावून?"

चिंतामणीने राक्षसाची सोंगटी उचलली, भालेकरणीला घासून पुढे नेली आणि सरळ मैनेपाशी ठेवली. वाकून फासा शोधला. टाकला.

"मेली," तो म्हणाला.

"यार, ये गलत है," विष्णु म्हणाला. "एवढं भुयार तो पळत जाते अन ही पाहत राहते? खांब आहे का ही?"

"खांबच समजते तो मले!" तारा उभी राहिली. तिचा आवाज फुटला होता. "आज तिचा शेवटचा दिवस, अन तुले आजच पुस्तक आठवलं? तुले फक्त जिंकायचं असते. लाज वाटू दे थोडी! घरात तुझंच ऐका, खेळातही तुझंच ऐका!"

आतून आईने काय झालं म्हणून विचारलं. ताराने कागद उचलला आणि उभा फाडला. चिंतामणी खाली मान घालून सोंगट्या डब्यात टाकत राहिला.

"चल, मले पावर हाउसच्या बसपर्यंत सोड," प्रेमला ताराला म्हणाली.

ऑटोत तारा बोलतच होती. प्रेमलाच्या गावची, नंदिनीची बस लागायची तिथे, पानठेल्याच्या सावलीत दोघी उभ्या राहिल्या तरी तिचं थांबलं नव्हतं. आता ती दादाशी बोलणार नव्हती. त्याचं ताट वाढणार नव्हती.

"त्याले मीच सांगितलं होतं," प्रेमला म्हणाली.

"काय?"

"मैनेले मार म्हणून. मी तिकडं पोळ्या लाटत असीन अन इथं रविवारी दुसरं कोणी तिले चालवीन, हे मले सहन होत नव्हतं. तो नाही म्हणत होता. मीच मागे लागली. म्हटलं, तारेले सांगू नको."

तारा गर्रकन तिच्याकडे वळली.

"अन मले दारात कावून उभं केलं?"

"कोणी केलं? तू आपल्या मनानं उभी राहिली."

"मले विचारायचं होतं."

"तू नाही म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं! शंभर वेळा म्हटलं असतं!"

पानठेलेवाला वळून पाहू लागला. ताराने तोंड फिरवलं. घरी आपण दादाला काय काय बोलून आलो, ते तिला एकेक करून ऐकू येत होतं. त्यातल्या एकाही शब्दावर त्याने मान वर केली नव्हती. त्यामुळे राग कमी व्हायला हवा होता. तो उलट वाढत होता, आणि आता कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

बस आली. प्रेमला दोनदा "येते" म्हणाली. तारा समोरच्या केळ्यांच्या गाडीकडे बघत राहिली. प्रेमला चढली, खिडकीपाशी बसली. बस हलली तशी तारा धावली, दांडा धरून आत आली आणि तिच्या शेजारी धपकन बसली.

"अवं, तू कुठी?"

ताराचे ओठ अजून घट्ट मिटलेले होते. कंडक्टर जवळ आला.

"दो नंदिनी," ती म्हणाली.