लूमिंगच्या घरचं पाणी

डेल्फिनच्या घराला सगळी वस्ती 'लूमिंगचं घर' म्हणायची, आणि त्याची बायको लूमिंग त्या घरात सगळे मिळून चार महिनेसुद्धा राहिली नव्हती. ती हाँगकाँगला एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायची. सोळा वर्षं झाली होती. करार संपला की यायची, सुटी भोगायची आणि पुढच्या करारावर सही करायला परत जायची. इकडे घर मात्र वाढत राहिलं. आधी भिंती आल्या, मग वरचा मजला आला, मग फरशी. रंग तिनं फोनवरून निवडला, खिडक्यांचे गज तिनं फोनवरून निवडले. गवंडी तिला ओळखत नव्हता, पण तिच्या आवाजाला घाबरायचा.

तिचा एकच हट्ट असा होता की ज्यावर ती कुणाचं ऐकेना. स्वयंपाकघरात नळ हवा. लहानपणी टेकडीच्या पायथ्याच्या हापशावरून तिनं खांद्यावर पाणी वाहिलं होतं. तो खांदा अजून थोडा कलता होता. म्हणून मग घरामागे उंच कट्ट्यावर स्टीलची टाकी बसली आणि तिथून नळ आला. फोनवर इकडचं तिकडचं बोलून झालं की ती म्हणायची, "नळ सोड बघू जरा." डेल्फिन सोडायचा. ती गप्प राहून ऐकायची, आणि मग म्हणायची, "कर बंद आता. वाया जातंय."

डेल्फिन होड्या दुरुस्त करायचा. दिवसभर किनाऱ्यावर फळ्या ठोकायचा आणि संध्याकाळी राखणदारासारखा त्या घरात येऊन पडायचा, तोही खाली बाकावर. वरच्या खोलीतल्या पलंगाच्या गादीवरचं प्लास्टिक त्यानं अजून काढलं नव्हतं. ते ती येऊन काढील, असं त्याच्या मनात होतं. दोन सुट्या आल्या नि गेल्या, पण दोन्ही वेळी ती म्हणाली, राहू दे, धूळ बसेल.

वादळाची बातमी आली तेव्हा होड्या ओढून वर घेण्यात त्याचे दोन दिवस गेले. सामार बेटाच्या त्या किनाऱ्याला वादळं नवी नव्हती, पण या खेपेला रेडिओवरच्या माणसाचाच आवाज कापत होता. वस्तीचा कप्तान, म्हणजे तिथला सरपंच, भोंगा घेऊन फिरला. समुद्र आत येणार आहे, सगळ्यांनी टेकडीवरच्या शाळेत चला, निघण्याआधी वीज आणि गॅस बंद करा, असं सांगत तो दारोदार गेला.

लूमिंगचा फोन सकाळपासून चालूच होता. म्हातारीच्या टीव्हीवर वादळाचा तो भलामोठा पांढरा भोवरा तिनं पाहिला होता. तिनं एकेक गोष्ट त्याच्याकडून करवून घेतली. प्यायच्या पाण्याची पिंपं वरच्या मजल्यावर नेऊन भरली, झाकणं घट्ट लावली. टाकीचं झाकण नायलॉनच्या दोरीनं आवळलं. भांडी, पातेली, बादल्या, जे सापडेल त्यात पाणी धरलं. तो काम करत होता आणि फोन खिशातून बोलत होता. कित्येक वर्षांत ती दोघं इतका वेळ एका कामाला लागली नव्हती. बाहेर वारा नारळाच्या झावळ्या पिसत होता, आणि डेल्फिनला, खोटं कशाला बोला, बरं वाटत होतं.

मग बंद करण्याचं तेवढं उरलं. मोबाइलचा मनोरा पहाटेच मुका झाला होता. जो आवाज येत होता तो कपाटावरच्या इंटरनेटच्या डबीतून, आणि ती डबी विजेवर चालायची. मेन स्विच पाडला की लूमिंग गेली. डेल्फिननं आधी उगाच दोन खिडक्यांना फळ्या मारल्या. मग कोंबड्या सोडल्या. मग खुर्च्या वर नेल्या.

शेजारची पुरिता, सगळ्यांची मनांग म्हणजे थोरली ताई, डोक्यावर गाठोडं घेऊन दारावरून चालली होती. तिनं आत डोकावून पाहिलं. "अरे, समुद्र काय तुमचं बोलणं संपेपर्यंत थांबणार आहे होय?" ती म्हणाली. "बायको काय पळून चाललीय? ती आधीच पळालीय." आणि हसत, धापा टाकत ती चढणीला लागली.

लूमिंगनं ते ऐकलं होतं. तिनं विचारलं, पाणी कुठवर आलंय? डेल्फिन म्हणाला, अजून लांब आहे. खरं तर पायरीवर आलं होतं.

"फिन, मेन पाड."

"पाडतो गं. जरा थांब."

"कशाला थांबू?"

"पाडला की तू जाशील."

वाऱ्यानं छपराचा एक पत्रा उचलून आपटला. मग ती म्हणाली, "मी जाते कुठं? मी आहे तिथंच आहे. सोळा वर्षं आहे." आणि तिनंच फोन ठेवला.

डेल्फिन हातातल्या फोनकडे बघत राहिला. तिनं असं कधी केलं नव्हतं. फोन आधी कुणी ठेवायचा यावरून त्यांची नेहमी थट्टा चालायची. त्यानं पुन्हा लावला. वाजत राहिला. तिनं उचलला नाही. तेवढ्यात उंबऱ्यावरून पाणी आत आलं आणि बाकाच्या पायांभोवती फिरलं.

मग त्यानं हात पुसले, कोरड्या स्टुलावर चढून मेन पाडला. घर एकदम मुकं झालं. गॅसच्या टाकीची चावी फिरवून त्यानं नळी काढली आणि टाकी जिन्यावर नेऊन बांधली. राहिला होता तो फाटकाजवळचा पाण्याचा कॉक. गावाकडून येणारी नळाची लाइन फुटली तर गाळ आणि समुद्र सरळ पाण्याच्या टाकीत चढणार, हे लूमिंगनं त्याला दोनदा सांगितलं होतं. तो गुडघाभर पाण्यात शिरला. कॉक गंजला होता, हलेना. त्यानं अंगातला शर्ट काढून त्याला गुंडाळला आणि सगळं अंग टाकून फिरवला, तेव्हा कुठं तो बंद झाला. तसाच उघड्या अंगानं डेल्फिन टेकडी चढला.

दुपारी समुद्र आला. शाळेच्या खिडकीतून त्यांना वस्ती दिसत नव्हती, नुसता करडा रंग दिसत होता, आणि आवाज. पोरं रडायची थांबली होती. पुरिता जपमाळ ओढत होती. डेल्फिन भिंतीला पाठ लावून बसला होता, आणि त्याच्या मनात एकच होतं, की तिनं फोन का ठेवला.

पाणी ओसरल्यावर ते खाली आले, तेव्हा अर्धी घरं जागेवर नव्हती. लूमिंगचं घर उभं होतं. स्वयंपाकघरावरचं छप्पर उडालं होतं, तळमजल्यावर घोट्याएवढा चिखल होता, आणि कुणाची तरी होडी अंगणात आडवी पडली होती. टाकी मात्र कट्ट्यावर होती आणि झाकणाची दोरी तशीच होती. त्यानं झाकण उघडून आत पाहिलं. पाणी भरलेलं होतं, आणि इतकं नितळ की तळ दिसत होता.

वस्तीत दुसरं पाणी नव्हतं. हापशात समुद्र शिरला होता. त्याला खारा आणि कुजका वास येत होता. लाइनला जोडलेले होते त्यांचे नळ काळं ओकत होते. पुरिताचा नवरा हापशाचंच प्याला आणि दुसऱ्या दिवशी त्याला एका निखळलेल्या दारावर घालून गावातल्या दवाखान्यात न्यावं लागलं. डेल्फिननं काही ठरवलं नाही, कुणाला बोलावलंही नाही. लोक भांडी घेऊन आले आणि तो कट्ट्यावर उभा राहून देत राहिला. प्यायला आणि भाताला तेवढं न्या, धुण्याला नको, एवढंच सांगायचा. आरोग्यवाली बाई येऊन सांगून गेली की हेसुद्धा उकळूनच प्या, चांगल्या उकळ्या फुटू द्या आणि झाकून ठेवा. लाकडं ओली होती. त्यानं गॅसची टाकी अंगणात आणली, नाकानं आणि साबणाच्या फेसानं तपासली, आणि तीच शेगडी चार घरांची झाली.

विजेला त्यानं हात लावला नाही. भिंती वाळल्याशिवाय आणि वायरमन येऊन बघितल्याशिवाय मेन चढवायचा नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण संध्याकाळी त्या खटक्यासमोर तो उगाच उभा राहायचा. मनोरा आडवाच होता. ती जिवंत आहे हे त्याला माहीत होतं. तो जिवंत आहे हे तिला माहीत नव्हतं. लोक पाणी नेताना म्हणायचे, देव लूमिंगचं भलं करो. तो मान हलवायचा.

एका सकाळी मदतीच्या ट्रकमधून तांदळाच्या पोत्यांवरून एक बाई उतरली. दोन्ही हातांत पाण्याचे कॅन होते, पायांत चांगले बूट, आणि खांदा कलता. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि वळणं शोधू लागली. खुणेची झाडंच उरली नव्हती. रांगेत उभ्या असलेल्या पुरितानं तिला आधी पाहिलं. तिनं नुसतं डेल्फिनच्या दिशेला बोट केलं.

डेल्फिन कट्ट्यावर होता. हातात तांब्या होता. त्याच्या तोंडून एवढंच आलं, "फोन का ठेवलास?"

"नाहीतर तू मेन पाडला नसतास," लूमिंग म्हणाली. आणि कॅन खाली ठेवून चिखलातच बसली.

त्या दिवशी ठेवल्यावर फोन किती वेळ वाजत राहिला, आणि तिनं मुठीत धरून तो कसा वाजू दिला, हे तिनं त्याला हळूहळू सांगितलं. बातमी नव्हती त्या दिवसांत तिच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं. शेवटी म्हातारीनंच तिकीट काढून दिलं आणि सांगितलं, जा, पण परत ये, मला दुसरी नको.

जेमतेम आठवडा ती राहिली. वीज नव्हती, त्यामुळे दिवस लांब होते. सकाळी दोघं मिळून पाणी उकळायची, ती गाळायची, तो भांडी लावायचा. तिला तिचंच घर ठाऊक नव्हतं. भांड्यांची फळी शोधताना ती उजवीकडे जायची आणि ती डावीकडे असायची. एकदा जिन्याची पायरी चुकली. डेल्फिनला ते बघवत नसे. दुपारी ती वर गेली आणि गादीवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं. म्हणाली, कट्ट्यावर ताणू, पावसाचं पाणी धरायला होईल.

शेवटच्या संध्याकाळी ती उकडलेली रताळी सोलत होती. छप्पर उडालेल्या जागेतून आभाळ दिसत होतं. डेल्फिननं मान खाली ठेवूनच म्हटलं, "राहा."

तिचे हात थांबले. "काय म्हणालास?"

"राहा म्हटलं. जाऊ नको."

लूमिंगनं सोललेलं रताळं त्याच्या ताटात ठेवलं, मग स्वतःच्या ताटात घेतलं, मग परत त्याच्या ताटात ठेवलं. "एवढं म्हणायला सोळा वर्षं लागली होय तुला?" ती म्हणाली. तिचा आवाज गवंडी घाबरायचा तसा राहिला नव्हता. मग तिनं सांगितलं की म्हातारीला शब्द दिलाय, करार अर्ध्यावर आहे, आणि छप्पर तर घालायलाच हवं. हा एवढा पुरा करते. पुढच्यावर सही करणार नाही. हे ती आधीही म्हणाली होती, पण डेल्फिननं ते काढलं नाही. या वेळचं वेगळं होतं. या वेळी त्यानं मागितलं होतं.

सकाळी तो तिला गाडीच्या नाक्यावर सोडायला गेला. रात्रीचं उकळून गार केलेलं पाणी त्यानं बाटलीत भरून आणलं होतं. ती म्हणाली, विमानतळावर नेऊ देत नाहीत रे, तिथं ओतून टाकायला लावतात. मग गाडीच्या दाराशी उभी राहून तिनं ते तिथंच प्यायला घेतलं. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. आतली माणसं सरकून बसली. ती सावकाश, मधे श्वास घेत, पीत राहिली आणि डेल्फिन तिच्या गळ्याकडे पाहत राहिला. बाटली रिकामी झाली तेव्हा तिनं झाकण लावून त्याच्या हातात दिली, ओठ पुसले आणि गाडीत चढली.

गाडी नारळांच्या बुंध्यांमधून गेली. झावळ्या नसल्यामुळे ती फार लांबवर दिसत राहिली.