सत्काराची खरखर

इस्लामपुरात हंबीररावांच्या घरी फ्रीज बाहेरच्या सोप्यात ठेवला होता. स्वयंपाकघरात जागा होती, पण तिथं तो कुणाला दिसला नसता. तो सुनेच्या, दीपमालाच्या, रुखवतात आलेला, आणि रुखवत दिसण्यासाठीच असतं. दिसणाऱ्या वस्तूला नावंही ठेवता येतात, ही वरची सोय.

फ्रीज आल्या आल्याच हंबीररावांनी जाहीर केलं की तो आवाज करतो. ते फौजेतनं नायब सुभेदार होऊन आलेले, त्यामुळं घरात बोलत नसत, जाहीर करत. टक् वाजलं की ते दीपमालाकडं बघत. आत गुळगुळलं की सासूबाई, चंद्राबाई, शेजारणींना सांगत की माहेरच बिघडलेलं, तर त्यांच्या यंत्राचं पोट कुठनं नीट असणार.

दीपमालानं एकेक आवाज समजून घेतला. टक् म्हणजे मोटर चालू-बंद होते. गुळगुळ म्हणजे नळीतनं गॅस फिरतो. मधूनच कडकडतं ते आतलं प्लास्टिक गारठ्यानं आकसतं म्हणून. तिन्ही निरोगी. राहिली खरखर, आणि ती फ्रीजची नव्हतीच. फ्रीजच्या डोक्यावर हंबीररावांची सन्मानचिन्हं दाटीनं उभी होती. पतसंस्थेचं, कबड्डीचं, आणि मधोमध काचेच्या पेटीत कुस्ती मैदानाच्या उद्घाटनाला मिळालेली चंदेरी गदा. मोटर लागली की पेटीची काच थरथरायची. धूळ पुसताना तिनं पेटी उचलली, तर खरखर बंद.

हे तिनं सासऱ्यांना सांगितलं.

"म्हंजे माजा सत्कार कुरकुरतोय व्हय?" हंबीरराव म्हणाले.

त्यानंतर बरेच दिवस घरात तिच्याशी कुणी बोललं नाही. नवरा उदयसिंह बोलला, पण फोनवर. तो शेजारच्याच खोलीत होता.

मग हंबीररावांनी नवं जाहीर केलं. पावण्यांनी जुना फ्रीज पुसून गळ्यात मारला, आणि हे त्यांनी भावकीसमोर कबूल करावं. दीपमालाचे वडील आकारामअण्णा यांना विश्रामबागेतल्या घरी बोलावणं गेलं. अण्णांकडं दुकानाचं बिल होतं. हंबीररावांनी कळवलं की आपण बिलं वाचत नाही, आपल्याला कान आहेत. त्यांच्या धाकट्या मुलीसाठी, अंकितासाठी, याच भावकीत स्थळ बघणं चाललेलं, त्यामुळं अण्णांची माफी घरनं निघतानाच तयार होती, फक्त तोंडातनं बाहेर पडायची राहिली होती.

भावकीतले चार मोठे लोक सतरंजीवर बसले. फ्रीजनं वेळ साधून टक् केलं आणि खरखर सुरू झाली. हंबीररावांनी साक्षीदार वेळेवर हजर झाल्यासारखी मान डोलावली. अण्णांनी हात जोडले.

दीपमाला उठली. कुणाला काही न विचारता तिनं सन्मानचिन्हं एकेक करून खाली फरशीवर ठेवली. चंद्राबाई म्हणाल्या, आगं, पायाशी ठेवतीस. शेवटी तिनं गदेची पेटी उतरवली, आणि नेमकं त्याच वेळी अण्णा म्हणाले, "चुकलं आमचं."

सोपा शांत झाला. मोटर चालू होती, पण तिचा नुसता हलका घूं घूं आवाज येत होता.

"बगा," हंबीरराव भावकीकडं वळून म्हणाले. "मालकानं कबूल केलं आन् फ्रीज गप झाला."

भावकीला हे पटलं. एकानं तर आपण आधीच म्हटलं होतं असं सांगितलं. उदयसिंह भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशी शोधत होता.

दीपमालानं पेटी पुन्हा उचलली आणि होती तिथं ठेवली. काच थरथरली. खरखर पहिल्यापेक्षा मोकळी वाजायला लागली. तिनं हात पदराला पुसले.

"मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "आता कुणी कबूल करायचं राहिलंय?"

हंबीरराव गदेकडं बघत राहिले. भावकीतल्या सगळ्यात थोरल्यानं मिशीआड काहीतरी लपवलं. चंद्राबाईंनी चहाचं विचारलं, पण सतरंजीवरनं कुणी हो म्हणालं नाही.

अण्णांनी जोडलेले हात तेवढे सोडले.